अंगावर बाळगायचं छोटं हत्यार कसं निवडावं: ठाणे-नवी मुंबईच्या परवानाधारकांसाठी

आमच्या नौपाड्यातल्या पेढीवर बाबांच्या काळापासून एक बारा बोअरची डबल बॅरल बंदूक आहे. दुकानात ती पुरेशी आहे. पण झवेरी बाजारातून माल घेऊन परतताना ती काय कामाची? म्हणून तीन वर्षांपूर्वी मी त्याच लायसन्सवर दुसरं, अंगावर राहील असं छोटं हत्यार घ्यायचं ठरवलं. परदेशात याला ‘बॅकअप गन’ म्हणतात. पोलिसांच्या कमरेच्या मोठ्या पिस्तुलाच्या जोडीला घोट्यापाशी किंवा खिशात लपवलेलं दुसरं, असा त्याचा तिकडचा अर्थ. आपल्याकडे व्यापाऱ्याच्या बाबतीत पहिलं दुकानात राहतं आणि दुसरं अंगावर. त्यामुळे प्रसंग आलाच तर आपल्याजवळ तेवढं एकच असणार.

निवडीला मला आठ महिने लागले आणि दोन चुका झाल्या. वाशीच्या मार्केटमधले, पनवेलचे, घोडबंदरचे ओळखीचे लोक तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी कागद, मग हत्यार

लायसन्स हातात नसताना हत्याराचा विचार सुरू करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ चा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती. लायसन्सची मुदत मात्र तीनवरून पाच वर्षं झाली. वयाची अट २१ पूर्ण. आधीपासून एक हत्यार असेल तर दुसऱ्याची नोंद करून घ्यायला वेगळा अर्ज लागतो, ‘आहे की लायसन्स’ म्हणून थेट दुकानात जाता येत नाही. आणि दुसरी जागा एकदाच मिळते. ती घाईत भरली तर चुकीचं हत्यार विकून नवं घ्यायला पुन्हा परवानगीचा तोच फेरा.

ठाणे शहर आणि नवी मुंबईत अर्ज त्या-त्या पोलिस आयुक्तालयाकडे जातो. पनवेल आणि उरण जिल्ह्याने रायगडात असले तरी पोलिसांच्या हद्दीने नवी मुंबई आयुक्तालयात येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि ते अलिबागला हेलपाटा घालतात. मुरबाड, शहापूरकडे राहत असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जासोबत ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र आणि घरी सुरक्षित ठेवण्याची सोय असल्याची हमी लागते. त्याखेरीज माझ्याकडे आयकराची विवरणपत्रं आणि माल ने-आण करत असल्याचे कागद मागितले. ते आधीच तयार ठेवा. पोलिस अहवालासाठी नियमात ३० दिवस आहेत, प्रत्यक्षात महिने धरून चाला.

एक गोष्ट अर्ज भरतानाच बघा: लायसन्स कोणत्या क्षेत्रासाठी वैध आहे. फक्त ठाणे आयुक्तालयापुरतं असेल तर मुलुंड चेकनाका ओलांडला की तुम्ही अटीबाहेर गेलात, ऐरोलीचा पूल ओलांडला तरी तेच. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली त्याला शिक्षा आहे. रोज मुंबईत जाणाऱ्याने निदान महाराष्ट्र राज्यापुरती वैधता मागावी आणि का हवी ते कागदानिशी दाखवावं.

गावठी कट्ट्याचा विचारही मनात आणू नका. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याबद्दल किमान दोन वर्षांची कैद आहे, आणि तो हातात फुटण्याचा धोका वेगळा.

झाकून बाळगणं हा इथे नियमच आहे

‘लपवून ठेवणं बेकायदेशीर ना?’ असं मला निम्मे लोक विचारतात. आपल्याकडे उलट आहे. २०१६ च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की सार्वजनिक ठिकाणी हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (हत्याराच्या म्यानात) किंवा सॅकसारख्या पिशवीत असली पाहिजे, पूर्ण झाकलेली असली पाहिजे आणि तिच्यावर तुमचा ताबा असला पाहिजे. उघडं दाखवत फिरणं, लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणं याला मनाई आहे. अशा बेपर्वा गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे निवडताना पहिला प्रश्न असा: हे आपल्या कपड्यांत, आपल्या अंगावर, आपल्या उकाड्यात दिवसभर झाकलेलं राहील का?

हत्यारांच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी हे शिकवलं. मी एक रिव्हॉल्व्हर हातात घेऊन खूश होऊन बघत होतो. ते म्हणाले, “शेठ, हातात सगळीच छान वाटतात. कमरेला लावा आणि त्या स्टुलावर बसा.” रिकामं हत्यार होल्स्टरमध्ये घालून मी बसलो, वाकलो, बुटाची नाडी बांधली. पाच मिनिटांत मुठीचं टोक बरगडीत रुतायला लागलं. ते हत्यार मी घेतलं नाही.

बाजारात काय मिळतं

नाइन एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतलं माप) आहे, सामान्य नागरिकाला मिळत नाही. त्यामुळे परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी बहुतेक पिस्तुलं विसरा. आपली निवड मुख्यतः बत्तीस बोअरमध्ये असते, थोडीफार बावीसमध्ये.

बत्तीसमध्ये दोन अगदी वेगळी काडतुसं आहेत आणि नवखे हमखास गोंधळतात. रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६ चं, लांब, बुडाला पूर्ण कडा असलेलं. पिस्तुलाचं .३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ एमएम, हे जॉन ब्राउनिंगचं १८९९ चं, आखूड. एकाचं काडतूस दुसऱ्यासाठी घेऊ नका. आपल्याकडच्या बत्तीसच्या काडतुसांच्या बुडावर बहुधा ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतात, ती पुण्याजवळच्या खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीची खूण.

सरकारी कारखान्यांचं साधं बत्तीस रिव्हॉल्व्हर सर्वांत जास्त दिसतं. सहा गोळ्यांचं, वेब्ली या जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घडणीचं, मधून मोडून उघडणारं, सातशे ग्रॅमच्या आसपास. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आणलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण अर्धा किलोचं. तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती आणि ती ऐकून लोक चकित झाले होते. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘निडर’ बावीस बोअरचं, जेमतेम अडीचशे ग्रॅमचं. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ आणलं. त्याचं सिलिंडर, म्हणजे गोळ्यांची घरं असलेला फिरता भाग, बाजूला उघडतं, नळी ७६ मिलिमीटरची, वजन सातशे ग्रॅमच्या जवळपास. पिस्तुलात ‘अशनी’ आहे. आणि जुनी विलायती पिस्तुलं आहेत. सामान्य नागरिकांसाठी आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद असल्याने ती हातोहात कित्येक लाखांना जातात. त्यांच्या मोहात मी पडलो होतो. पण चाळीस वर्षं जुन्या स्प्रिंगचा भाव करायला बसलो आहोत, आणि ती मोडली तर दुसरी मिळणार नाही, हे लक्षात आल्यावर उठून आलो.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

परदेशी सल्लागार सांगतात की नव्या पिस्तुलातून दोनशे-पाचशे गोळ्या झाडा, एकदाही अडकलं नाही तर मगच विश्वास ठेवा. सल्ला उत्तम आहे, पण आपल्याला तो परवडत नाही. आपल्या लायसन्सवर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, ती महाग असतात आणि दुकानात दर वेळी मिळतातच असं नाही. वर्षाचा कोटा चाचणीतच संपवायचा का?

म्हणून माझं मत असं: जिथे शेकडो गोळ्या झाडून खात्री करता येत नाही, तिथे ज्याचे दोष डोळ्याला आणि बोटाला कळतात असंच यंत्र घ्यावं. असं यंत्र म्हणजे रिव्हॉल्व्हर. त्याची बहुतेक दुखणी रिकाम्या हत्यारावर, दुकानाच्या टेबलापाशी, दहा मिनिटांत सापडतात. पिस्तुलाची दुखणी मॅगझिनच्या (मुठीतल्या गोळ्यांच्या डबीच्या) ओठांत, स्प्रिंगच्या ताणात आणि काडतुसाच्या आकारात लपलेली असतात, ती झाडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. .३२ एसीपीच्या बुडाला अर्धवट कडा असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे अडकून बसली की पिस्तूल गच्च होतं.

दुसरं कारण गोळी न फुटण्याचं. रिव्हॉल्व्हरमध्ये ‘टक’ झालं तर पुन्हा ट्रिगर ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात दोन्ही हातांनी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचावी लागते. एका हातात बॅग, दुसऱ्या हाताला धक्का लागलेला, अशा वेळी हा फरक मोठा आहे. बावीस बोअरबद्दलही याच कारणाने मी सावध आहे. त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत पसरलेला असतो, त्यामुळे न फुटण्याचं प्रमाण मधोमध टोपी असलेल्या काडतुसांपेक्षा जास्त. ज्यांच्या बोटांत ताकद कमी आहे, बत्तीसचा धक्का सोसत नाही, त्यांच्यासाठी ‘निडर’सारखं हलकं हत्यार काहीच नसण्यापेक्षा नक्की बरं.

पिस्तूल चपटं असतं, रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर कमरेला फुगतं, हे खरं आहे. सैलसर शर्ट आणि चांगलं होल्स्टर असेल तर तो फुगवटा झाकता येतो.

छोटं म्हणजे सोपं नव्हे

वजन कमी तेवढा धक्का जास्त, कारण तीच गोळी कमी वजनाला मागे ढकलते. आखूड नळीमुळे पुढच्या आणि मागच्या माशीतलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतरही कमी होतं. हे अंतर दहा सेंटीमीटर असेल आणि तुमची माशी एक मिलिमीटरने सरकली, तर सात मीटरवर गोळी सात सेंटीमीटर बाजूला जाते. अंतर पंधरा असतं तर पाचच्या आत गेली असती. बायकोसाठी किंवा वयस्कर वडिलांसाठी ‘सगळ्यात छोटं दाखवा’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. माझ्या अनुभवात पाचशे ते सातशे ग्रॅम आणि अडीच-तीन इंच नळी ही सोसवणारी मर्यादा आहे. सहा काडतुसांचं साठेक ग्रॅम वजन त्यात धरा.

दुकानात तपासायचं कसं

दुकानदाराची परवानगी घ्या. नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, सिलिंडर उघडून सहाही घरं डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा. हत्यार हातातून खाली ठेवून पुन्हा उचललं तर पुन्हा तपासा. डमी काडतुसं मागून घ्या, नुसतं कोरडं टक-टक करू नका.

आता हॅमर, म्हणजे काडतुसावर ठोका देणारा मागचा घोडा, अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकं टेकवून त्याला किंचित अडवा. हॅमर पूर्ण मागे जाण्याच्या आत सिलिंडर ‘खट’ करून जागेवर बसलं पाहिजे. सहाही घरांना. एक घर जरी उशिरा बसलं तर गोळी नळीच्या तोंडाशी तिरकी लागेल आणि शिशाचे कण बाजूने उडतील. मी पाहिलेल्या एका जुन्या हत्याराचं पाचवं घर असंच आळशी होतं, बाकी पाच छान. घाईत तीन घरं तपासून मी थांबलो असतो तर ते घरी आलं असतं.

मग ट्रिगर दाबून धरा आणि सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल चालते, खडखडाट चालत नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने मोजा, ही पट्टी गॅरेजमध्ये स्पार्क प्लगसाठी वापरतात तीच. मिलिमीटरचा दहावा ते चौथा हिस्सा, एवढी ठीक. हॅमर चढवून मागून अंगठ्याने जरा दाब द्या. तो आपोआप पडला तर ते हत्यार परत ठेवा, दुरुस्तीच्या आश्वासनावर घेऊ नका. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये वरची कडी आणि खालचं बिजागर बघा. बंद केल्यावर नळी आणि दांडा यांच्यात हाताला खेळ जाणवला तर ते थकलेलं आहे. नळीच्या टोकाशी पांढरा कागद धरून मागून बघा: आतल्या खाचा स्वच्छ हव्यात. काळी गोल रेघ किंवा कडं दिसलं तर कधीतरी नळीत अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली गेली आहे असं समजा.

सर्वांत शेवटी ट्रिगर. डबल ॲक्शनचा, म्हणजे हॅमर आधी न चढवता नुसता ट्रिगर ओढून झाडण्याचा, ओढा चार-पाच किलोचा, कधी त्याहूनही जड असतो. उजव्या हाताने दहा वेळा, मग डाव्या हाताने दहा वेळा ओढून बघा. आठव्या-नवव्या वेळी नळीचं टोक थरथरायला लागलं तर हत्यार बदला किंवा हाताचा व्यायाम सुरू करा. हॅमर आधी अंगठ्याने चढवूनच (सिंगल ॲक्शनवर) झाडता येतंय म्हणजे चालतंय, असं मानू नका. घाबरलेल्या हाताने चढवलेला हॅमर तितक्याच सहज नको तेव्हा पडतो.

जुन्या, धक्का लागला तरी हॅमरला काडतुसापर्यंत पोहोचू न देणारी वेगळी अडण नसलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमरखालचं घर रिकामं ठेवून पाचच गोळ्या भरायची पद्धत आहे. तुमच्या हत्याराला अडण आहे की नाही हे मिस्त्रींना उघडून दाखवायला सांगा. पैसे देण्याआधी हत्यारावरचा नंबर, पावती आणि लायसन्सवरची नोंद यांतला एकेक आकडा जुळवा. एक आकडा चुकला तर पुढे प्रत्येक नूतनीकरणाला त्रास.

आपली हवा

इथेच माझी पहिली चूक झाली. घेतल्यानंतरच्या पहिल्याच जुलैमध्ये रोज संध्याकाळी घरी येऊन मी होल्स्टरसकट हत्यार तिजोरीत ठेवत होतो. होल्स्टर चामड्याचं. तिसऱ्या आठवड्यात काढून पाहिलं तर अंगाकडच्या बाजूला, मूठ जिथे लोखंडाला भेटते तिथल्या कोपऱ्यात, मोहरीएवढा तांबूस ठिपका. बोटाने पुसला तर डाग बोटावर आला आणि खाली खड्डा दिसला. खाडीची दमट हवा, घाम आणि घाम पिऊन बसलेलं चामडं, तिघांनी मिळून एकवीस दिवसांत एवढं केलं.

तेव्हापासून चामडं फक्त अंगावर. तिजोरीत हत्यार वेगळं, सुती कापडावर, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या, त्या महिन्याला बदलायच्या. पावसाळ्यात रोज कोरड्या कापडाने पुसून मग तेलाचा नुसता हात, एरवी आठवड्यातून एकदा. घाम खूप येत असेल तर कडक प्लॅस्टिकच्या साच्याचं होल्स्टर बघा, ते पाणी पीत नाही. कुठलंही असो, ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा. नुसतं खिशात, किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांबरोबर, कधीच नाही.

दुसरी चूक तेलाची. गंजाच्या धसक्याने मी काडतुसं भरलेल्या सिलिंडरवरच तेल सोडत राहिलो. दोन महिन्यांनी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सरावाला गेलो. चार गोळ्या फुटल्या, पाचव्या वेळी नुसता ‘टक’. नळी लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबलो, कारण काडतूस कधी कधी उशिरा पेट घेतं, मग उघडलं. टोपीवर ठोका व्यवस्थित खोल बसलेला, पण मसाला मेलेला. टोपीच्या कडेने तेल आत झिरपलं होतं. आता नियम असा: तेल देण्याआधी काडतुसं बाहेर, घरं कोरडी करूनच भरायची. अंगावरची सहा काडतुसं वर्षातून एकदा सरावात झाडून टाकायची आणि नवी भरायची.

गर्दीत बाळगताना

ठाण्याहून सकाळच्या लोकलला चढलेल्या माणसाला सांगायला नको की तिथे कमरेवर प्रत्येकाचं कोपर लागतं. उजव्या कुल्ह्यामागे लावलं तर मागच्या माणसाला ते कळतं आणि तुम्हाला मात्र दिसत नाही. मी पोटाच्या उजव्या बाजूला, जरा पुढे, पँटच्या आत लावतो, हात त्यावर राहतो. कडक, दुहेरी शिलाईचा पट्टा घ्या, ऑफिसचा मऊ पट्टा वजनाने वाकतो. स्कूटरवर बसताना हँडल आणि पोट यांच्यात ते दाबलं जातं का, हे रिकाम्या हत्याराने घरी तपासून घ्या. आपल्या खड्ड्यांतून जाताना सैल होल्स्टर टिकत नाही. मॉलमध्ये, सरकारी कार्यालयात, मेट्रोत जायचं असेल त्या दिवशी हत्यार घरी कुलपात ठेवून निघा. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून जाणं म्हणजे चोराच्या हाती देणं.

घरी लहान मुलं असोत-नसोत, हत्यार कुलपात आणि किल्ली आपल्याजवळ. आमच्या घरी आईलासुद्धा किल्लीची जागा माहीत नाही, आणि तिला ते पटलेलं आहे.

सराव पाच ते सात मीटरवर, डबल ॲक्शननेच करा. महिन्याला बारा गोळ्या नीट लक्ष देऊन झाडल्या तरी हात तयार राहतो. त्याच्या जोडीला भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ एकदा वकिलाबरोबर बसून वाचा. स्वसंरक्षणात गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि नुसता माल पळवणाऱ्या पाठमोऱ्या माणसावर गोळी झाडणं तुम्हाला आरोपी करू शकतं. निसटता येत असेल तर निसटा, माल द्या, ११२ ला फोन करा.

निवडणुकीत जमा करताना

आचारसंहिता लागली की पोलिस ठाण्यातून हत्यार जमा करायचा निरोप येऊ शकतो. ते तिथे काही आठवडे, कधी दोन महिने पडून राहतं. पावसाळा जवळ असेल तर मागच्या ठिपक्याचे दहा ठिपके व्हायला तेवढे दिवस पुरतात. जमा करण्याआधी काडतुसं काढा, नळीतून तेलाची चिंधी फिरवा, बाहेरून नेहमीपेक्षा जाडसर ग्रीसचा हात द्या, तेलकट कागदात गुंडाळा आणि वर प्लॅस्टिकची पिशवी. होल्स्टर देऊ नका, घरी ठेवा. पावतीवर हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या आणि तारीख स्वतः वाचून घ्या, त्याच टेबलावर मोबाइलमध्ये फोटो काढा. परत मिळाल्यावर तिथेच उघडून कोपरा तपासा, मूठ जिथे लोखंडाला भेटते तो.